शुल्कमाफी आहे, पण पुण्यात राहायचे कसे?

परांडेकर:
माझ्या भाचीला कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून) पुण्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली आहे. दाजी शेतमजुरी करतात. प्रवर्ग ओबीसी असून तहसीलदारांच्या दाखल्यावरील उत्पन्न दीड लाखाच्या आत आहे. मात्र खोलीभाडे आणि मेस यांचा आकडा ऐकल्यापासून ताई तिला तालुक्यालाच बी.एस्सी.ला घालायचे म्हणते आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

मुठाकाठ:
हा प्रवेश सोडू नका, अशी कळकळीची विनंती. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विकास शुल्क त्यात येत नाही, तेव्हा ते किती आहे हे आधीच विचारून घ्या. अधिक नावाजलेल्या महाविद्यालयाच्या मोहाने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली, तर ही सवलत हातची जाईल.

अभ्यासिका_सदाशिव:
शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्चच गावाकडच्या मुलींना परत पाठवतो, हे मी अभ्यासिकेत दरवर्षी पाहतो. प्रथम शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा आणि तेथे जागा मिळाली नाही, तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेसाठी करावा. पुण्यासाठी तीत भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये मिळतात, परंतु जिल्ह्याला 600 च विद्यार्थी घेतले जात असल्याने गुणांवर चुरस असते. यासोबत 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडेही निश्चित विचारणा करावी.

जुना_विद्यार्थी:
वरील माहिती योग्यच आहे, पण या योजनेच्या भत्त्याची रक्कम उशिरा येते. म्हणून पहिल्या सहामाहीच्या मेसची सोय घरच्यांनी वेगळी लावावी. आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ही रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते. माझ्या खोलीतील मित्राचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या, पासबुकही हरवलेल्या खात्यात पडून होते आणि तो मात्र महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर रोज अर्जाची स्थिती पाहत बसे. भाचीचे आधार कार्ड कोणत्या बँकेला जोडलेले आहे, हे गाव सोडण्यापूर्वीच शाखेत जाऊन तपासावे.