साइटमॅप बदलला की गूगलला कळवायचं कसं? पिंग चालेना

कांदाचाळ:
मंडळी, आमच्या भागातल्या कांद्याच्या बाजारभावांची छोटी साइट चालवतो. रोज दुपारी भाव टाकले की साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी असलेली फाइल) नव्याने बनतो आणि क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एक ओळ गूगलला पिंग मारते, म्हणजे यादी बदलल्याचं कळवते. एकदा लिहून ठेवली, पुन्हा कधी बघितलं नाही. काल लॉग उघडला तर रोज ४०४, म्हणजे पत्ताच सापडत नाही! कालचेच भाव सर्चमध्ये दिसतात, शेतकरी फोन करून झापतात. दुसरा काही मार्ग?

क्रॉनोबा:
स्क्रिप्ट ठीक आहे हो, समोरचं दारच बंद झालंय. मायक्रोसॉफ्टच्या बिंग सर्च इंजिनने २०२२ मध्ये निनावी पिंग बंद केलं. गूगलने जून २०२३ मध्ये तेच जाहीर केलं आणि सहा महिन्यांची मुदत दिली. लॉगिन नाही, काही नाही, कुणीही पिंग मारायचं. त्यात बराचसा कचराच यायचा.

आता रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये (सर्च इंजिनांसाठी सूचनांची फाइल) साइटमॅपचा पूर्ण पत्ता टाका आणि सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) एकदा सबमिट करा. पुढे गूगल आपणहून येऊन फाइल वाचतं. रोज सबमिट दाबत बसू नका.

पण एक सांगा, साइटमॅपमधल्या लास्टमॉडमध्ये (पान शेवटचं कधी बदललं ती नोंद) काय भरता?

कांदाचाळ:
स्क्रिप्ट चालते ती वेळ. सगळ्या पानांना तीच.

क्रॉनोबा:
तिथेच गोची आहे! तीन वर्षांपूर्वीचं पानही आज बदललं असं तुम्ही रोज सांगताय. लांडगा आला रे आला. लास्टमॉड खरा निघत असेल तरच गूगल तो धरतं. प्रायॉरिटी (पानाचं महत्त्व) आणि चेंजफ्रीक (पान किती वेळा बदलतं) तर ते बघतच नाही, खुशाल काढून टाका. तारखेसोबत वेळ देणार असाल तर शेवटी +०५:३०, म्हणजे भारतीय वेळेची खूण, हवंच (फाइलमध्ये आकडे इंग्रजी हं).

सर्व्हरवाली:
बिंगसाठी इंडेक्सनाउ (बदललेली पानं सर्च इंजिनला कळवायची पद्धत) लावा. मायक्रोसॉफ्ट आणि रशियन सर्च इंजिन यांडेक्सने २०२१ मध्ये आणलं. किल्लीची (साइट आपलीच आहे हे पटवणारा संकेत) एक टेक्स्ट फाइल साइटच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि बदललेल्या पानांचे पत्ते पाठवायचे, एका खेपेला १०,००० पर्यंत. मी सुरुवातीला उत्साहाच्या भरात रोज अख्खी साइट पाठवायचे, मग ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या', असं उत्तर यायला लागलं. बदललेलं तेवढंच पाठवा. आणि २०० आलं म्हणजे निरोप पोचला एवढंच, पान इंडेक्स झालं, म्हणजे सर्चच्या यादीत आलं, असं नव्हे. गूगल मात्र इंडेक्सनाउ घेत नाही.

कांदाचाळ:
गूगलचं इंडेक्सिंग एपीआय (पानं थेट गूगलला कळवायची सोय) वापर, असं एक मित्र म्हणतो.

सर्व्हरवाली:
ते नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांपुरतंच आहे, दादा. कांदा त्यात बसत नाही.

कांदाचाळ:
😄 बरं. लास्टमॉड आता त्या त्या दिवसाच्या नोंदीवरून घेतो, पिंगची ओळ काढली. शेवटचं विचारतो: मागच्या वर्षीच्या पानावर चुकलेला भाव दुरुस्त केला, तर तारीख बदलायची ना?

क्रॉनोबा:
भाव बदलला तर जरूर बदला. फूटरमधलं (पानाच्या तळाचं) साल बदललं म्हणून नको.