पावसात लाईट जाते, सोलर बॅटरीसकट बसवू का?
पेडणेकर: घर कौलारू, मागे स्लॅब आहे. जूनमध्ये वारा सुटला, माडाची झावळ तारेवर पडली की रात्रभर काळोख, आईला पंख्याशिवाय झोप नाही. फ्रीज, चार पंखे, लाईट आणि विहिरीचा 1 एचपी पंप एवढं चालायला हवं. ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज खात्याच्या लाईनला जोडलेलं सोलर, स्वस्त पडतं म्हणतात, ते घेऊ?

वाळपईवाला: नुसतं ऑन-ग्रिड घेऊ नका हो! लाईट गेली की तो इन्व्हर्टर पण बंद पडतो, भर उन्हात सुद्धा, कारण लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तसाच बनवलेला असतो. तुम्हाला हायब्रिड पाहिजे, म्हणजे लाईनलाही जोडलेलं आणि बॅटरीवरही चालणारं. आणि पंप बॅटरीवर टाकू नका, सुरू होताना तो कितीतरी पट करंट ओढतो, टाकी दिवसा भरून ठेवा.

माडाखाली: बॅटरीचा हिशोब सांगतो. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे 1.8 युनिट, पण लेड-अॅसिड अर्धीच वापरावी, म्हणजे हाती 0.9. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, महाग असली तरी मी तीच घ्या म्हणेन. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे, पण ती पॅनलच्या क्षमतेवर, बॅटरीचे पैसे वेगळे धरा. समुद्र जवळ असेल तर नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागा, साधे गंजतात.

पेडणेकर: देव बरें करूं दोघांचं. स्लॅबवर दुपारी 3 नंतर माडाची सावली येते, त्याचं काय?

वाळपईवाला: एका पॅनलवर सावली पडली तरी अख्ख्या रांगेची वीज घटते, आधी जागा बदलून बघा.