कागद भिजले तरी अर्ज थांबवू नका
पुरात गुणपत्रिका गेल्या, दुय्यम प्रती मिळेपर्यंत मदतीचा अर्ज थांबवावा का, असं एका विद्यार्थ्याने विचारलंय. मुळीच थांबवू नका. आपत्कालीन निधी मर्यादित असतो, उशिरा आलेल्यांना कमी उरतो. जे हाती आहे ते जोडा, बाकीच्यासाठी स्वघोषणापत्र द्या आणि पोच घ्या.

अर्जात नुसतं ‘खूप नुकसान झालं’ लिहू नका. पुस्तकं, लॅपटॉप, खोलीभाडं, जेवण असे वेगळे आकडे द्या. भिजलेल्या गुणपत्रिकेचा आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चिकटलेली पानं ओढलीत तर शाईही निघून येते.

शिष्यवृत्तीचा अर्ज कधी कधी मागच्या वर्षीचं उत्पन्न बघून नाकारला जातो, हा मोठा अन्याय. घरचं उत्पन्न आता बुडालंय, म्हणून फेरविचाराची लेखी मागणी करा.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता पुढे ढकलताना व्याज थांबतं का, हे आधी विचारा. १,००,००० रुपयांवर १० टक्के दराने सहा महिन्यांत साधारण ५,००० व्याज चढतं. फीमाफी आणि फीला मुदतवाढ यांतही असाच फरक आहे, मुदतवाढीत पैसे भरावेच लागतात.

आणि हो, बँक खातं चालू आहे ना, तेवढं आजच बघा. मंजूर रक्कम बंद खात्यावरून परत जाते.