अनुभव सांगा: मद्यपान करून वाहन चालवल्याची शिक्षा आणि शिक्षण

संत्रीवाला: काल भाचीचा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना ‘न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे का’ हा रकाना आला आणि बारा वर्षांपूर्वीची नागपूरच्या वर्धा रोडवरची नाकाबंदी आठवली. तेव्हा मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची, आणि माझी फुंकर तिच्या बरीच वर गेली. न्यायालयात गुन्हा कबूल केला, दोन हजार रुपये दंड भरला, पावती फेकून दिली आणि विषय संपला असे समजलो. कबुली म्हणजेच दोषसिद्धी, हे अमेरिकेच्या व्हिसाच्या वेळी कळले. मद्यासक्ती आहे का हे पाहण्यासाठी मला वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवले. तेवढ्यात सत्र सुरू झाले आणि प्रवेश हातचा गेला.

धरमपेठची काकू: आमच्या चिरंजीवांना ३१ डिसेंबरला फुटाळा तलावावरून परतताना पकडले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत गेला आहे, तो आम्ही भरला. पण खरा फटका परवाना सहा महिने गेल्याचा बसला. मेट्रो लोकमान्यनगरला संपते, कॉलेज त्याच्याही पुढे, त्यामुळे पहिला तास रोज बुडायचा आणि हजेरी कमी भरून एक सत्र वाया गेले. (रोज सकाळी सोडायला जाणारी मी, शिक्षा नेमकी कोणाला झाली हे अजून ठरवते आहे.)

काळा कोट: मद्यपान करून वाहन चालवण्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही, म्हणून मुले न्यायालयात येतात आणि घरी कळू नये या एका चिंतेपायी वकिलाशी न बोलता ‘कबूल’ म्हणून मोकळी होतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली दंडाऐवजी ताकीद किंवा हमीपत्रावर सोडण्याची विनंती करता येते. न्यायालयाने ती मानली, तर याच अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. तरीही अर्जात विचारले तर खरेच लिहावे. लपवलेले उघडकीस आले की मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणेच जड जाते.

तर्रीप्रेमी: कॅनडाकडे पाहणाऱ्यांनी जपावे. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे हा गुन्हा गंभीर गुन्ह्यांत मोडतो, त्यामुळे इथली जुनी शिक्षाही प्रवेशाच्या आड येऊ शकते. माझा आतेभाऊ त्याच कारणाने नागपुरातच पदव्युत्तर शिकला.

संत्रीवाला: वकीलसाहेब, फेकलेल्या पावतीऐवजी आता आदेशाची प्रमाणित प्रत मिळेल का? भाचीच्या रकान्यात ‘नाही’ लिहून झाले. माझा प्रश्न मात्र बाकी आहे.

काळा कोट: प्रकरण क्रमांक शोधून नक्कल विभागात अर्ज करा. अभिलेख नष्ट झालेला नसेल, तर मिळेल.