मदत हवी आहे: आईचा पेप्सिनोजेन रिपोर्ट ‘लो’ आलाय, दुर्बीण करावीच लागेल का?

नमस्कार मंडळी, ही टेस्ट कुणी केली असेल किंवा मेडिकल लाईनमधलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

आई ६२ वर्षांची आहे. अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल कित्येक वर्षं चालू आहे, मधेच बंद करते, जळजळ वाढली की परत सुरू. हल्ली फार थकवा आणि तळपायाला मुंग्या म्हणून रक्त तपासलं तर बी१२ एकदम खाली. डॉक्टर म्हणाले पोटाचं जुनं दुखणं आहेच तर पेप्सिनोजेन पण बघून घेऊ, रक्तातूनच होतं. तर रिपोर्ट असा:

पेप्सिनोजेन १: ३८ नॅनोग्रॅम प्रति मिली
पेप्सिनोजेन २: १४.५
गुणोत्तर: २.६

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यापुढे ‘लो’ आणि खाली बारीक अक्षरात ‘एट्रोफिक गॅस्ट्रायटिसची शक्यता, क्लिनिकली कोरिलेट करा’. आता आम्ही कशाशी कोरिलेट करणार! डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार, नेटवर बघायला गेले तर दुसऱ्याच ओळीत कॅन्सर. रक्त दिलं तेव्हा गोळी चालू होती, त्यामुळेच आकडा कमी आला असेल का? आणि नळी घालायची म्हटलं की आई हातपाय गाळते, एन्डोस्कोपी टाळून रक्ताच्या टेस्टवरच भागत असेल तर बरं होईल.

प्रतिसाद

मी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. पेप्सिनोजेन म्हणजे पेप्सिन या पाचक एन्झाइमचं कच्चं रूप, बहुतेक सगळं जठरात उतरतं, अगदी थोडं रक्तात येतं आणि तेच आम्ही मोजतो. यातली गंमत अशी की १ नंबरचं फक्त जठराच्या वरच्या मोठ्या भागात बनतं, २ नंबरचं मात्र सगळ्या जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीलाही. म्हणून वरच्या भागाचं अस्तर झिजलं (तेच एट्रोफिक गॅस्ट्रायटिस) की १ उतरतं, २ टिकून राहतं आणि गुणोत्तर पडतं. जपानमध्ये १ हे ७० किंवा खाली आणि गुणोत्तर ३ किंवा खाली असेल तर पॉझिटिव्ह धरतात, पण किटनुसार रेंज बदलते, तुमच्या रिपोर्टवर छापलेलीच बघा.

गोळीचं म्हणाल तर उलट आहे. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी पेप्सिनोजेन १ वाढतं. म्हणजे गोळी चालू असून ३८ आलंय, तेव्हा गोळीवर ढकलता येणार नाही. आणि बी१२ शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टर त्याच वरच्या भागातल्या पेशी बनवतात, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट एकाच दिशेला बोट दाखवतायत असं मला तरी वाटतं. अर्थात वर्षानुवर्षं ही गोळी घेतली तरी बी१२ कमी होऊ शकतं, शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर त्यानेही.

प्रतिसाद

वरच्यांनी छान सांगितलंय. कॅन्सरचं डोक्यातून काढा हो, ही टेस्ट कॅन्सर पकडत नाही, अस्तर किती झिजलंय याचा अंदाज देते, जोखीम किती ते त्यावरून ठरवतात. पण अंदाजच, नक्की सांगायला एन्डोस्कोपी करून दोन-तीन जागांचे तुकडे बायोप्सीला द्यावे लागतात, ते रक्तावर भागत नाही. आमच्या सासऱ्यांची झाली, घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, हवं तर झोपेचं इंजेक्शन देतात, त्यांना नंतर नळी कधी घातली तेच आठवेना. आईंना हे आधी सांगा.

एच पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट झालीय का? अस्तर झिजण्याचं ते मोठं कारण. श्वासाची किंवा शौचाची टेस्ट असेल तर आधी साधारण २ आठवडे ही गोळी आणि ४ आठवडे अँटिबायोटिक बंद लागतात, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येते. गोळी मनाने बंद करू नका मात्र, डॉक्टरांना विचारून.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! मेटफॉर्मिन नाहीये, शुगर नॉर्मल आहे. पायलोरी कधीच केलेली नाही, तेच आधी विचारते. स्प्रे आणि इंजेक्शनचं सांगितलं तर आई म्हणाली ‘मग बघू’, म्हणजे अर्धा होकार. एकच राहिलं, बी१२ ची इंजेक्शनं आत्ताच सुरू केली तर पुढच्या तपासण्यांत काही गडबड होते का, की त्याला थांबायची गरज नाही? मुंग्या वाढल्यात म्हणून विचारतेय.

प्रतिसाद

पेप्सिनोजेन, बायोप्सी, पायलोरी, कशालाच बी१२ आड येत नाही. इन्ट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी टेस्ट सांगितली तर रक्त इंजेक्शनच्या आधी द्या एवढंच. मुंग्या वाढत असतील तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, उद्याच दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.