बंद दगडखाणीत झाडं जगेनात

प्रश्न: वाघोलीजवळ आमच्या डोंगरावरची खडीची खाण बंद पडलीये. गेल्या जूनमध्ये आम्ही ४० खड्डे घेऊन वड, कडुनिंब लावले. मेमध्ये ३ उरले. वीतभर मुरमाखाली पहार टणकन वाजते. फार जीव तुटतो. काय करू?

प्रतिसाद १: ताई, आधी माती धरा, झाडं नंतर. खाणीतलेच दगड उताराला आडवे रचून ताली घाला. पहिल्या पावसाबरोबर मारवेल, पवन्या या गवतांचं बी फेका. दोन पावसाळे गवत कापू नका, वणवा लागू देऊ नका. पांगारा, मोई, सालईच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर रोवा, फुटतात. कातळाच्या भेगांत नांदुर्की, पिंपळ पाखरंच लावतील. गिरिपुष्प मात्र नको. भराभर वाढतं, पण आपल्या टेकड्यांवर त्याचीच दाटी झालीये.

प्रतिसाद २: उभा कडा सगळाच झाकू नका. अशा कपारींत शृंगी घुबड अंडी घालतं. खाणीत पाणी साचून झालेलं डबकंही बुजवू नका, फक्त काठाला कुंपण हवं, पोरं पोहायला उतरतात.

प्रश्नकर्ती: घुबड आहे! संध्याकाळी घुमतं. मग तो कडा तसाच ठेवते, रविवारी तालींना सुरुवात.