मदत हवी आहे: कढीपत्त्यावरच्या अळ्या, एका कोषाला भोक पडलंय

कुंडीतली_बाग: कढीपत्त्यावरच्या सात अळ्या काचेच्या बरणीत ठेवल्यात, झाकणाला भोकं आहेत. आधी चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसायच्या, आता हिरव्यागार झाल्यात. दोघींनी खाणं सोडलंय आणि पातळ हिरवट विष्ठा टाकलीय. एक कोष तपकिरी पडलाय, त्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे. दुसरा काचेवरून खाली पडलाय. काय करू?

पानोपानी: वर्णनावरून लिंबाचं फुलपाखरू वाटतंय. कॉमन मॉरमॉनही कढीपत्त्यावर अंडी घालतं, दोन्हींची निगा सारखीच. पातळ विष्ठा हा आजार नव्हे. कोष करण्याआधी अळी पोट रिकामं करते, मग जागा शोधत भटकते. आत एक खडबडीत काडी तिरपी टेकवून ठेवा. अळी काळी पडून लिबलिबीत झाली आणि वास मारू लागली, तर मात्र तो रोग. ती लगेच काढा, बरणी साबणाने धुऊन कोरडी करा.

खरी चूक बरणीची आहे. ओली विष्ठा आणि पानांचा दमटपणा आत कोंडतो. तोंडाला झाकणाऐवजी कापड बांधा, तळाला कागद घालून रोज बदला. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीच्या तोंडात कापूस कोंबा, नाहीतर अळ्या आत उतरून बुडतात. बाजारातला कढीपत्ता अजिबात नको, त्यावर फवारणी असू शकते.

सूक्ष्मदर्शी: भोकाचा कोष गेला. हे परजीवी गांधीलमाशीचं काम. टेरोमॅलस नावाची दोन-तीन मिलिमीटरची माशी कोष नवा आणि मऊ असतानाच त्यात अंडी घालते, मग एवढ्याशा भोकातून डझनावारी माश्या बाहेर पडतात. फुलपाखरू कधीच असं भोक पाडत नाही, ते डोक्यामागची शिवण फाडून निघतं. नुसत्या तपकिरी रंगाला घाबरू नका, सुक्या काडीवरचा कोष तसाच असतो. मच्छरदाणीची भोकं या माशीला मोठी पडतात, मलमल वापरा.

पडलेल्या कोषाच्या शेपटीच्या टोकाला फेविकॉलचा बारीक थेंब लावून जाड कागदावर चिकटवा आणि कागद उभा ठेवा. फक्त टोकालाच हं! शेजारी कापड टांगा. बाहेर आल्यावर फुलपाखराला लटकून पंखांत द्रव भरावा लागतो. काचेवरून ते घसरतं, पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग काही इलाज नाही. सोबत पडणारे लालसर थेंब रक्त नव्हे, कोषातला साठलेला मळ असतो.

कुंडीतली_बाग: बरणी काढली, मलमल बांधली. आणखी एक हिरवा कोष पंधरा दिवस जसाच्या तसा आहे. मेला असेल का?

सूक्ष्मदर्शी: उबेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, थंडीत कित्येक आठवडे. हलकेच स्पर्श करा. पोटाकडचा भाग वळवळला तर थांबा. कवचातून पंखांची नक्षी दिसू लागली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी निघेल.